न दुखणारी गाठ

(छत्रपती संभाजीनगर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

मराठी व्याख्यानमालांना संतसाहित्य, शिवकाल, अर्थसंकल्प आणि फार तर शेअर बाजार एवढे विषय अंगवळणी पडले आहेत. लाळेवर कोणी तासभर बोलणार म्हटल्यावर श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, तर त्यात नवल नाही. पण ज्या शहरात हे व्याख्यान होत आहे, त्या शहराला हा विषय परका नाही. १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे साऱ्या मराठवाड्याची ‘घाटी’. त्याच परिसरात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून पार बुलढाण्यापर्यंतची माणसे तोंडाची, गळ्याची, जबड्याची दुखणी घेऊन इथे येतात. २०१२ साली शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि त्याच वर्षी राज्यात गुटख्यावर बंदी आली. बंदी आली, गुटखा काही गेला नाही. तोंडाच्या कर्करोगाची रांगही हटली नाही.

त्या रांगेत अधूनमधून एक वेगळा रुग्ण उभा असतो. कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी सुपारीएवढी गाठ. चार वर्षांपासून आहे, दुखत नाही, हाताला सरकते. घरात तिच्यावर दोनच मते असतात. एक म्हणते, “दुखत नाही ना, मग कशाला हात लावायचा?” दुसरे म्हणते, “कॅन्सर असणार, पण आईला सांगू नका.” मध्यंतरी हळद-चुन्याचा लेप झालेला असतो, ‘गाठ बसायच्या’ गोळ्याही झालेल्या असतात. ही दोन्ही मते दिसायला उलटी, पण चूक एकच: तपासण्याआधीच गाठीला नाव देऊन मोकळे होणे. आणि लाळग्रंथींच्या बाबतीत नावावरच सगळे ठरते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या गाठींपैकी एकीला शस्त्रक्रिया लागते, दुसरीला गोळ्या, तिसरीला क्षयाची औषधे, चौथीला थेंब, आणि पाचवीला काहीच लागत नाही.

लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन. कानापुढे व खाली पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू, जिभेचा मागचा भाग इथे मिळून सहाशे ते हजार बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात. या सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. पॅरोटिडची लाळ ज्या नळीतून गालात, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उतरते, ती नळी १६६० साली ॲमस्टरडॅममध्ये नील्स स्टेन्सन नावाच्या बावीस वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्याला मेंढीचे डोके उकलताना सापडली. त्याच्या गुरूने, ब्लासियसने, शोध आपलाच असल्याचा दावा ठोकला आणि मोठे भांडण झाले. शेवटी नळीला नाव शिष्याचे लागले. हाच स्टेन्सन पुढे खडकांच्या थरांचा अभ्यासक म्हणून भूगर्भशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला आणि शेवटी बिशप झाला. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी मात्र चार वर्षे आधी, १६५६ मध्ये, लंडनच्या थॉमस व्हार्टनने आपल्या ग्रंथात नोंदवली होती.

शरीररचनेतली एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायलाच हवी. चेहऱ्याची हालचाल करणारी नस, फेशियल नर्व्ह, पॅरोटिड ग्रंथीच्या आतून जाते आणि तिथेच तिच्या पाच मुख्य शाखा फुटतात. डोळा मिटणे, हसणे, ओठांचा चंबू करणे हे सगळे या ग्रंथीतून जाणाऱ्या धाग्यांवर अवलंबून. म्हणून पॅरोटिडची गाठ ही पाठीवरच्या चरबीच्या गाठीसारखी ‘टेबलावर झोपवून दहा मिनिटांत काढून टाकू’ अशी गोष्ट नाही.

लाळग्रंथींच्या गाठी मुळात फार नाहीत. डोके आणि मान या भागातल्या सगळ्या अर्बुदांमध्ये, म्हणजे ट्यूमरमध्ये, त्यांचा वाटा शेकड्याने तीन ते सहाच्या घरात धरला जातो. पण त्यांच्यातही एक उपयोगी क्रम आहे. ग्रंथी जितकी मोठी, तितकी तिच्यातली गाठ साधी निघण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडमधल्या दहापैकी साडेसात-आठ गाठी निरुपद्रवी असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत आणि टाळूच्या बारीक ग्रंथींत हे प्रमाण निम्म्यावर येते. जिभेखालच्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी दुष्ट, म्हणजे कर्करोगाच्या, निघतात. म्हणजे कानाजवळ लिंबाएवढी गाठ घेऊन आलेल्या माणसाला धीर देता येतो, आणि जिभेखाली हरभऱ्याएवढी गाठ घेऊन आलेल्याला ‘बारीकच आहे’ म्हणून घरी पाठवता येत नाही.

निदानाची पहिली पायरी मशीन नाही, हात आहे. हे वाक्य जुन्या शिक्षकांच्या तोंडून ऐकून विद्यार्थी कंटाळलेले असतात, पण लाळग्रंथींच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. हातमोजा घातलेले एक बोट तोंडात जिभेच्या बाजूला तळाशी आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून जबड्याखाली, असे दोन्हीकडून चाचपले की गाठ ग्रंथीत आहे की शेजारच्या लसिकाग्रंथीत, याचा बराच अंदाज येतो. मग गालातल्या नळीच्या तोंडाकडे बघत बाहेरून पॅरोटिड दाबायची: लाळ स्वच्छ येते, दाट येते, पू येतो की काहीच येत नाही? त्यानंतर रुग्णाला भुवया वर करायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला आणि गाल फुगवायला सांगायचे. साधी गाठ कितीही मोठी झाली तरी सहसा चेहरा वाकडा करत नाही. गाठ आणि वाकडा चेहरा एकत्र आले, तर कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असे धरून चालायचे. अचानक वाढ, सततची वेदना, कातडीला चिकटलेली गाठ, मानेत कठीण गाठी याही तशाच खुणा. शेवटी तोंड उघडून घसा बघायचा, कारण पॅरोटिडच्या खोल भागातली गाठ बाहेर फुगत नाही. ती आत वाढून टॉन्सिल पुढे ढकलते. बाहेरून गाल सपाट आणि आत घशाला फुगवटा, अशी ही चकवणारी मांडणी असते.

प्रश्नही नेमके हवेत. “गाठ केव्हा फुगते?” या एका प्रश्नावर कितीतरी रुग्णांचा एमआरआय वाचतो. जेवायला बसले, लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात गेली, की जबड्याखाली टम्म फुगते आणि तासाभरात उतरते, असे उत्तर आले तर तो बहुतेक लाळेच्या नळीतला खडा. दहापैकी आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ दाट, चुनायुक्त आणि तिची नळी लांब व वर चढणारी. खडा नळीच्या तोंडाजवळ असला तर बोटाला लागतो, दातांच्या साध्या एक्स-रेत दिसतो आणि आतूनच काढता येतो. १९९० च्या दशकापासून नळीत बारीक दुर्बीण घालून खडा पकडण्याची सोयही झाली आहे. मुलांच्या बाबतीत पहिला संशय अर्थातच गालगुंडाचा. २०१७ पासून सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आली, पण गालगुंडाची लस त्यात नाही. त्यामुळे दोन्ही गाल फुगलेले, तापाने फणफणलेले पोर हे चित्र अजून दवाखान्यांतून गेलेले नाही.

हाताने अंदाज बांधला की सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि वरच्या गाठींसाठी ती पुरते. गाठ खोल असेल किंवा तिची हद्द कळत नसेल, तर एमआरआय.

त्यानंतर येते सुई, आणि सुईबरोबर भीती. ‘गाठीला लोखंड लागलं की पसरते’ हा समज खेड्यात आहे आणि फ्लॅटमध्येही आहे. प्रत्यक्षात एफएनएसी या पेशीतपासणीसाठी वापरतात ती सुई इंजेक्शनच्या सुईहून जाड नसते. गाठीत शिरून ती चारसहा पेशीसमूह ओढून आणते. ते काचेवर पसरवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. या बारीक सुईने लाळग्रंथीची गाठ पसरल्याची उदाहरणे जगभरातच अत्यंत विरळ आहेत. सुईचा अहवाल मात्र डॉक्टरागणिक वेगळ्या भाषेत येई. एक ‘सजेस्टिव्ह’ लिही, दुसरा ‘कन्सिस्टंट विथ’, तिसरा ‘कान्ट रूल आउट’, आणि सर्जनला यातले काय समजायचे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. या गोंधळावर उपाय म्हणून २०१५ मध्ये इटलीतल्या मिलान इथे भरलेल्या पेशीशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक सामाईक पद्धत मांडण्याचे ठरले आणि २०१८ मध्ये ‘मिलान पद्धत’ पुस्तकरूपाने आली. तिच्यात पेशी अपुऱ्या आहेत इथपासून कर्करोग आहे इथपर्यंत सहा वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात धोका किती व पुढे काय करायचे हेही दिले आहे. आपल्या अहवालावर असा वर्ग लिहिला आहे का, हे रुग्णानेही विचारायला हरकत नाही.

सुई घालायची, पण पॅरोटिडच्या गाठीचा तुकडा सहसा काढायचा नाही, हा नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतो. तोंडातल्या जखमेचा तुकडा काढतात, मग इथे का नको? याचे उत्तर लाळग्रंथींच्या सर्वांत नेहमीच्या गाठीत आहे. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा हे तिचे नाव. ती दुर्मीळ नाही. लाळग्रंथींच्या सगळ्या अर्बुदांत निम्म्याहून जास्त वाटा तिचाच. पण पुढे येणाऱ्या दुर्मीळ गाठी ओळखायच्या त्या तिच्याशी ताडून, म्हणून तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. थिओडोर बिलरोथ या सर्जनने १८५९ मध्ये तिचे वर्णन केले तेव्हा तिला मिश्र गाठ म्हटले, कारण तिच्यात ग्रंथीच्या पेशी, चिकट श्लेष्म आणि कधीकधी चक्क कूर्चा असे सगळे एकत्र दिसते. ती साधी आहे, हळू वाढते, दूर पसरत नाही. पण तिचे आवरण जागोजागी अपुरे असते आणि तिची बारीक टोके आवरणाबाहेर डोकावतात. जुन्या काळी सर्जन आवरण फोडून गाठ नुसती सोलून काढत. गाठ गेल्यासारखी वाटे, आणि काही वर्षांनी त्याच जागी साबुदाण्यासारख्या विखुरलेल्या असंख्य गाठी येत. अशा सोलून काढलेल्या गाठींपैकी पाचातली एक, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त, परत आल्याच्या नोंदी आहेत. नस वाचवून भोवतालच्या ग्रंथीसह गाठ काढायला सुरुवात झाल्यावर हे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

“दुखत नाही तर कशाला काढायची?” याचेही उत्तर याच गाठीत आहे. पहिल्या पाच वर्षांत तिच्यात कर्करोग होण्याची शक्यता शेकडा दीडच्या आसपास; पंधरा वर्षे ठेवली तर ती दहाच्या जवळ जाते. चाळिशीत आलेली गाठ साठीपर्यंत सांभाळणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे.

आता खऱ्या अर्थाने विरळ आणि निरुपद्रवी मंडळींकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात लाळग्रंथींची पंधराएक साधी अर्बुदे आणि वीसएक दुष्ट अर्बुदे आहेत. एवढ्याशा ग्रंथीत एवढे प्रकार शरीरात इतरत्र क्वचितच सापडतात. यांतली काही नावे एखाद्या पॅथॉलॉजिस्टला अख्ख्या नोकरीत एकदाच भेटतात. सगळ्यांची हजेरी घेण्यात अर्थ नाही. ज्यांच्यामुळे उपचारच बदलतो, ती बघू.

टाळूवरची एक जखम सगळ्यांत नाट्यमय. मध्यमवयीन माणूस सांगतो, टाळूला आधी सूज आली, मग दुखले आणि एक दिवस ‘टाळूचा तुकडाच पडला’. तोंड उघडले की रुपयाच्या नाण्याएवढा, खोल, कडा उंचावलेला खड्डा दिसतो. तो तंबाखू खाणारा असला तर कर्करोगाशिवाय दुसरा विचार कोणाच्या मनात येणार? तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखालीही कर्करोगाचा भास होतो. १९७३ साली अब्राम्स, मेलरोज आणि हॉवेल या अमेरिकी तज्ज्ञांनी ही स्थिती वेगळी ओळखली आणि तिला नेक्रोटायझिंग सायालोमेटाप्लेझिया असे जीभ अडखळवणारे नाव दिले. बारीक लाळग्रंथींचा रक्तपुरवठा तुटतो, त्या मरतात आणि बरे होण्याच्या भरात त्यांच्या नळ्या वेगळ्याच पेशींनी भरून जातात. कारण कधी टाळूत दिलेले बधिरतेचे इंजेक्शन, कधी न बसणारी कवळी, कधी धूम्रपान; कधी काहीच सापडत नाही. जाणकार पॅथॉलॉजिस्ट बघतो तो एक बारकावा: पेशी बदलल्या तरी ग्रंथीच्या पाकळ्यांची मूळ आखणी शाबूत आहे. कर्करोग ती आखणी मोडतो. हा बारकावा हुकल्यामुळे निरोगी टाळू कापला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. खरे तर ही जखम दोन-अडीच महिन्यांत आपोआप भरते. उपचार म्हणजे गुळण्या, वेदनाशामक आणि डॉक्टरचा संयम. संभाजीनगरसारख्या, तंबाखूच्या जखमा रोज बघणाऱ्या शहरात तर हे नाव प्रत्येक दंतवैद्याच्या डोक्यात असायलाच हवे, कारण इथे चुकण्याचा ओढा कर्करोगाच्याच बाजूला आहे.

दुसरी गोष्ट एका शेतकऱ्याची. १८८८ मध्ये कोनिग्सबर्ग इथे योहान मिकुलिच या सर्जनने एका बेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याची माहिती सहकाऱ्यांपुढे मांडली. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या अश्रुग्रंथी आणि दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी सारख्याच सुजल्या होत्या, कसलीही वेदना नसताना. मिकुलिच हा बिलरोथचाच चेला, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडाला कापडी मास्क बांधण्याचा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही सर्जनांपैकी एक. १८९२ मध्ये गुरूच्या गौरवग्रंथात त्याने हे प्रकरण छापले आणि आजाराला त्याचे नाव मिळाले. चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, हर्मन क्युटनरने जबड्याखालच्या ग्रंथीला आलेली दगडासारखी कडक सूज वर्णन केली. हुबेहूब अर्बुद वाटते, पण अर्बुद नव्हे. पुढे पन्नासएक वर्षे ही नावे पुस्तकात पडून राहिली. १९५३ मध्ये दोन अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी मिकुलिचचा आजार म्हणजे तोंड-डोळे कोरडे पाडणारा शोग्रेनचाच आजार, असा निकाल दिला आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले.

ते मिटले नव्हते. २००१ मध्ये जपानी संशोधकांना स्वादुपिंडाच्या एका आजारात रक्तातल्या आयजीजी-४ या प्रतिपिंडाचे प्रमाण वाढलेले दिसले. तिथल्याच दुसऱ्या गटांनी थोड्याच वर्षांत तोच धागा मिकुलिचच्या सुजेपर्यंत नेला. सूक्ष्मदर्शकाखाली चक्राकार तंतू, बुजलेल्या शिरा आणि आयजीजी-४ वाहणाऱ्या पेशींची गर्दी दिसते. हा शोग्रेन नव्हे, स्वतंत्र आजार आहे. क्युटनरच्या ‘गाठी’पैकीही बऱ्याच याच घरातल्या निघाल्या. याचा व्यवहारी अर्थ मोठा आहे. जी कडक ग्रंथी कर्करोग समजून काढली जायची, ती आता थोडा ऊतीचा नमुना घेऊन, रक्त तपासून, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत मऊ पडते. ती परत सुजू शकते, म्हणून लक्ष ठेवावे लागते. स्वादुपिंड, मूत्रपिंडही तपासावी लागतात. आणि वर सांगितलेला ‘तुकडा नको’ हा नियम इथे उलटतो, कारण इथे तुकड्याशिवाय नाव ठरत नाही. नियम पाठ करून भागत नाही, तो कोणत्या गाठीसाठी आहे हे कळावे लागते.

कानामागे आणि पॅरोटिडवर येणारी तरुण पुरुषांतली एक सूजही अशीच चकवणारी. १९३७ मध्ये चीनमध्ये आणि १९४८ मध्ये जपानमध्ये तिचे वर्णन झाले. नाव राहिले जपानी डॉक्टर किमुरा यांचे. आशिया खंडातल्या माणसांत ती जास्त. भारतात ती इतकी कमी दिसते की पहिला संशय क्षयाचा घेतला जातो. पण साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल पेशी भरमसाट वाढलेल्या असतात. गावातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत होणाऱ्या त्या तपासणीचा कागद नीट वाचला, तर अर्धे निदान तिथेच होते. यातल्या काही रुग्णांच्या मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जातात, म्हणून लघवी तपासायचीच.

क्षयाचा संशय खोटा असतोच असे नाही. पॅरोटिडमधली क्षयाची गाठ विरळ आहे, पण भारतात ती विसरून चालत नाही. सुईतून आलेल्या नमुन्याची क्षयजंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी केली की ती पकडता येते, आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. दोन्ही पॅरोटिडमध्ये पाण्याच्या पोकळ्या असलेली, न दुखणारी सूज दिसली तर एचआयव्हीची तपासणी सुचवायची. अनेकदा ही सूजच त्या संसर्गाची पहिली खूण असते, आणि एचआयव्हीवरची एआरटी औषधे सुरू झाल्यावर ती ओसरते. एप्रिल २००४ पासून देशात ही औषधे मोफत मिळतात. इथे प्रश्न वैद्यकापेक्षा संकोचाचा जास्त आहे.

वॉर्थिनच्या गाठीचा उल्लेख टाळता येत नाही. मिशिगनच्या अल्ड्रेड वॉर्थिनने १९२९ मध्ये तिचे दोन रुग्ण नोंदवले. ती जवळजवळ फक्त पॅरोटिडच्या खालच्या टोकाला होते, वयस्कर सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत जास्त, आणि दहातल्या एकात दोन्ही बाजूंना. सुईने तिच्यातून काळपट तपकिरी पाणी येते. दुसऱ्याच कर्करोगासाठी पेट स्कॅन केला आणि कानाखाली काही चमकले की कुटुंब हादरते, ‘पसरला’ म्हणते. कित्येकदा ती ही बापडी वॉर्थिनची गाठ असते. २००१ मध्ये जपानच्या नागाओ आणि सहकाऱ्यांनी वेगळी ओळखलेली सायालोलिपोमा तर आणखी निरुपद्रवी: चरबीत ग्रंथीचे तुकडे अडकलेले, बस. स्कॅनवर चरबी स्पष्ट दिसते.

तान्ह्या बाळाच्या पॅरोटिडवरची सूज मात्र वेगळ्या वर्गातली. ती बहुधा रक्तवाहिन्यांची गाठ असते, हेमँजिओमा. जन्मानंतरचे काही महिने ती झपाट्याने वाढते, आईबाप घाबरतात आणि ऑपरेशनचा हट्ट धरतात. पण ती काही वर्षांत आपोआप विरते. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले आणि त्याच्या नाकावरची अशीच गाठ फिकी पडलेली पाहिली. तेव्हापासून मोठ्या, त्रासदायक गाठींना हे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तोंडाने देतात. बाळाच्या गालावर सुरी चालवण्याआधी, ज्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते तिची आठवण ठेवावी.

या साऱ्या नाट्यात रुग्णाला कधी न दिसणारे पात्र म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. महाराष्ट्रात या विद्येची बैठक घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव पहिल्या ओळीत. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांच्या काळी लाळग्रंथीच्या गाठीचा निकाल रंगवलेल्या काचेवर लागे. आजही बहुतेकदा तिथेच लागतो. जनुकांची भर पडली आहे एवढेच. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात प्लॅग-१ नावाच्या जनुकाची मोडतोड सापडते, आणि शंकास्पद गाठीत ती मदतीला येते. स्क्लेरोसिंग पॉलिसिस्टिक ॲडिनोसिस या विकाराचे १९९६ मध्ये वर्णन झाले तेव्हा तो ग्रंथीची नुसती प्रतिक्रिया समजला गेला. पुढे त्यात जनुकीय बदल सापडले आणि २०२२ च्या वर्गीकरणात तो अर्बुदांत जाऊन बसला. विज्ञानाने आपला शब्द फिरवला, यात लाज काही नाही. पण २००५ ची काच आज पुन्हा बघितली तर नाव बदलू शकते, हे रुग्णाने लक्षात ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही आणि मग रुग्ण धास्तावतो. कानाची पाळी काही महिने, कधी कायमची बधिर राहते; बायकांना कानातले घालताना ते पहिल्यांदा जाणवते. दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक. जेवताना, विशेषतः आंबटतिखट खाताना, त्या बाजूच्या गालावर घाम फुटतो. लाळेसाठीच्या तुटलेल्या नसांचे धागे परत वाढताना घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. गालाला आयोडिन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरायची आणि लिंबू चोखायला द्यायचे. जिथे घाम येतो तिथे जांभळा डाग उमटतो. १९२३ मध्ये पोलंडच्या लुच्या फ्रे या डॉक्टरीण बाईंनी याचा नीट उलगडा केला. १९४२ मध्ये ल्वुव्हच्या ज्यू वस्तीत नाझींनी त्यांचा बळी घेतला. आजाराच्या नावात त्या राहिल्या आहेत.

आता दोन विनंत्या. पहिली, गावोगावच्या डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना. कानाखालची, जबड्याखालची किंवा टाळूवरची गाठ तीन आठवड्यांत बसली नाही, तर तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहू नका. आणि छोट्या शस्त्रक्रियागृहात ती सोलून काढायचा मोह तर मुळीच नको. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून पुढे पाठवा: किती दिवसांची, जेवताना फुगते का, चेहरा वाकडा आहे का, आत घशात काही दिसते का. दुसरी विनंती रुग्णांना. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, ‘साधीच होती’ म्हणून ती बादलीत जाऊ देऊ नका. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा दहा, वीस वर्षांनीही परत आल्याच्या नोंदी आहेत, आणि तेव्हा नव्या डॉक्टरला सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती जुनी काच आणि मेणात बसवलेला गाठीचा ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचा क्रमांक अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात असतो. तो अहवाल औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर फेकू नका. घरातल्या रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवा, आणि कुठे ठेवला आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.